शेतीपंपाला दिवसा वीज: खोपोलीच्या तारांपासून गावच्या सबस्टेशनपर्यंत

महाराष्ट्राने वीज लांबून आणायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षे उलटून गेली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले आणि भिरा केंद्र सुरू झाले. जमीन मुळशीची बुडाली, चाके मुंबईत फिरली. १९६० च्या दशकात कोयना आली. नव्वदच्या दशकाअखेरीस चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, ±५०० केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची, वाहिनी उभी राहिली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट.

लांबून वीज आणणाऱ्या या वाहिन्यांच्या मनोऱ्यांना सरसकट दोष देणे चुकीचे ठरेल. तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि दाब वाढवला की तेवढ्याच विजेला प्रवाह कमी लागतो, म्हणून दाब जितका जास्त तितकी गळती कमी. खरे दुखणे शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, म्हणजे सबस्टेशनपासून निघणारी ११ केव्हीची लाइन (फीडर), तिच्यावरचा गावातला ट्रान्सफॉर्मर (डीपी) आणि तिथून पंपापर्यंत जाणारी कमी दाबाची एलटी लाइन यांमध्ये आहे. पाच एचपीच्या मोटारीला ४१५ व्होल्ट हवेत. फीडरच्या टोकाला ३२० च मिळाले की मोटार तेवढेच पाणी उचलण्यासाठी जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीही जातो, आणि तो बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळते.

२००५ नंतरच्या भारनियमनात गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यात आले. शेतीला आलटून पालटून दिवसा आठ किंवा रात्री दहा तास थ्री फेज, असे वेळापत्रक बसले. रात्रपाळीत दारे धरणाऱ्याच्या (पिकाला पाणी देणाऱ्याच्या) पायाशी साप आणि उसात बिबट्या, हे त्याच वेळापत्रकाचे फळ. पण वेगळा झालेला शेती फीडर पुढे फार कामी आला.

कारण गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज देणाऱ्या २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पायाच तो आहे. राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधील कोळंबी इथून तिची सुरुवात झाली. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला आणि प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ, असे ठरले. हिशेब सोपा आहे: एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते आणि भर उन्हात त्यावर पाच एचपीचे सुमारे दोनशे पंप चालतात. वीज गावच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनलाच जोडली जात असल्याने नवे मनोरे लागत नाहीत.

अडचणी मात्र याच जोडणीत आहेत. ग्रीडची (जोडलेल्या वीजजाळ्याची) वीज गेली की सौर पॅनेलची वीज जाळ्याला चालेल अशी बदलणारा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. म्हणजे भर दुपारी फीडर ट्रिप झाला तर ऊन असूनही उत्पादन शून्य. पावसाळ्यात पंप बंद असतात आणि उघडीप पडली की प्रकल्पाची वीज उलटी ३३ केव्हीकडे चढते. सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर पाच एमव्हीए क्षमतेचा (साधारण पाच मेगावॅट पेलणारा) असेल तर शेजारी दहा मेगावॅट बसवून भागत नाही. आधी ट्रान्सफॉर्मर वाढवावा लागतो. टोकाच्या डीपीवर जास्त भार असेल, तर तिथली मोटार सौर विजेवरही जळते.

सूर्य मावळल्यावर गावठाणातले दिवे आणि पिठाची गिरणी आजही चंद्रपूर-कोयनेच्या विजेवरच चालतात. त्यामुळे मोठ्या वाहिन्या लागणारच. पण नव्या वाहिनीवर खर्च करण्याआधी, तिच्याखालच्या गावातला डीपी आणि एलटी लाइन दुरुस्त आहे का, हे पाहिले गेले पाहिजे.