इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगला कुठे जोडायचा : पार्श्वभूमी

निव्वळ सोलरवर चालणाऱ्या घरात हमखास दिसणारी गोष्ट : सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर मंद पेटतो, मल्टिमीटर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो, आणि टेस्ट लॅम्प मात्र फेज-अर्थिंगवर पेटतच नाही. मग अर्थिंगच्या खड्ड्यावर संशय घेऊन मीठ-कोळसा नव्याने भरला जातो. दोष खड्ड्याचा नसतो. इन्व्हर्टरच्या दोन्ही तारा जमिनीपासून सुट्या असतात. मीटरवरचे व्होल्ट आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येतात.

इथे 'न्यूट्रल' हा शब्दच फसवतो. ग्रिडचा, म्हणजे वीज कंपनीच्या पुरवठ्याचा, न्यूट्रल हा न्यूट्रल ठरतो, तो डीपीवर (वितरणाच्या ट्रान्स्फॉर्मरवर) जमिनीला जोडलेला असतो म्हणून. इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 'एन' छापल्याने ते होत नाही.

१९५६च्या वीज नियमांतील ६१व्या नियमाने वितरणाच्या न्यूट्रलला उपकेंद्राच्या ठिकाणी किमान दोन वेगवेगळे अर्थजोड सक्तीचे केले. त्याच वाक्यात पुढे लाइनवर आणखी ठिकाणीही जोड देण्याची मुभा होती, 'ग्राहकाच्या जागेत जो काही अर्थजोड असेल त्याव्यतिरिक्त'. घोळ इथलाच आहे. हा ग्राहकाकडचा जोड कशाचा? न्यूट्रलचा, की फ्रिज-गिझरच्या बॉडीचा? व्यवहारात दुसरा अर्थ रुळला आणि तोच योग्य होता. ओव्हरहेड लाइनवर न्यूट्रल तुटणे नवीन नाही. घरात न्यूट्रल-अर्थ जोडलेले असतील आणि मागे खांबावर न्यूट्रल तुटला, तर आपला आणि शेजाऱ्यांचाही परतीचा करंट आपल्या खड्ड्यातून जाऊ पाहतो. अशा वेळी गिझरच्या बॉडीवर व्होल्टेज चढते.

घरच्या खड्ड्याची मर्यादा मात्र कायम राहिली. खड्डा ५ ओहम, डीपीचा २ ओहम धरला तर फेज बॉडीला लागल्यावर जेमतेम ३३ अँपिअर वाहतात. ३२ अँपिअरचा एमसीबी त्यावर लगेच पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, हवा.

लोडशेडिंगच्या काळात घरोघर इन्व्हर्टर आले, तेव्हा न्यूट्रल-अर्थिंगच्या या जोडाचा प्रश्न कोणाला पडला नाही. बहुतेक साध्या इन्व्हर्टरमध्ये चेंजओव्हरचा रिले (ग्रिड आणि बॅटरी यांत आपोआप अदलाबदल करणारा स्विच) फक्त फेज बदलतो, न्यूट्रल आरपार राहतो. वीज गेली तरी घरचा न्यूट्रल डीपीच्या अर्थिंगला जोडलेलाच असे. डबल पोल मेन स्विच बंद केला की तो आधार सुटे, पण ते फार कोणाच्या ध्यानात आले नाही.

शेतघरे आणि डोंगरातल्या वस्त्या निव्वळ सोलरवर आल्या, तिथे डीपीच नव्हती. त्यात इंटरनेटवरून अमेरिकी सल्ला आला : पॅनेलमध्येच न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र करा. तिकडे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये तो जोड असतोच. इथे ग्रिड असलेल्या घरात तसाच जंपर (न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारी तार) मारला गेला आणि वर सांगितलेला धोका घरात आला.

उलट बाजूने 'तरंगताच (जमिनीला न जोडता) ठेवा, एका तारेला हात लागला तरी शॉक नाही' असे आजही सांगितले जाते. पहिल्या बिघाडापुरते ते खरे आहे. पण तो बिघाड काहीच न पडता तसाच राहतो आणि दुसऱ्या तारेचा बिघाड झाला की २३० व्होल्ट समोर येतात. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले तर तो पडतो, यानेही फसगत होते. ते बटण करंट फेजकडून न्यूट्रलकडे आतल्या आतच वळवते, अर्थिंगची परीक्षा घेत नाही.

ग्रिड नसलेल्या घरात न्यूट्रल-अर्थिंगचा जोड एकच हवा : इन्व्हर्टरचे आउटपुट आणि आरसीसीबी यांच्या मध्ये, आउटपुटच्या तारेइतक्या जाडीच्या हिरव्या-पिवळ्या तांब्याच्या तारेने. तो आरसीसीबीच्या पुढे, लोडकडे मारला तर गळतीचा करंट आरसीसीबीतूनच परत येतो आणि तो पडत नाही. ग्रिड आणि सोलर-बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये यासाठी रिले आला : बॅटरीवर असताना जोडतो, ग्रिड आले की सोडतो. तो नसेल तर न्यूट्रलही तोडणारा डबल पोल चेंजओव्हर लागतो, आणि जोड इन्व्हर्टरच्या बाजूला राहतो. पण त्यासाठी इन्व्हर्टरचा न्यूट्रल आतून आरपार नसावा. सगळ्या तारा सोडवून इनपुट 'एन' ते आउटपुट 'एन' मल्टिमीटरने सलगता पाहिली की ते कळते.

ट्रान्स्फॉर्मर नसलेल्या स्वस्त इन्व्हर्टरवर मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असल्याखेरीज जंपर मारू नये. काहींत आउटपुट बॅटरीपासून विलग नसते. बॅटरीची निगेटिव्ह अर्थिंगला असेल तर ब्रिजमधून (डीसीचे एसी करणाऱ्या सर्किटमधून) थेट शॉर्ट होऊन त्यातले मॉसफेट, म्हणजे स्विचिंगचे ट्रान्झिस्टर, उडतात.

जोड झाल्यावर आरसीसीबीच्या पुढे, होल्डरमधला १५ वॅटचा दिवा फेज-अर्थिंगवर लावावा. ६५ मिलिअँपिअर वाहू लागताच आरसीसीबी पडला पाहिजे. दिवा जळत राहिला तर जोड लोडच्या बाजूला गेला आहे किंवा आरसीसीबी खराब आहे. आरसीसीबीही पडला नाही आणि दिवाही पेटला नाही तर जोड तुटलेला आहे.