पानं किती होतील? मजकूर देण्याआधी एवढं बघा

पुस्तक, स्मरणिका किंवा प्रबंध जुळणीला, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायला, देताना पहिला प्रश्न हाच असतो, आणि सोबत "फाइलची 140 पानं आहेत" असं सांगितलं जातं. त्या 140 वर आम्ही अंदाजपत्रक देत नाही. काही जणांना ही टाळाटाळ वाटते, म्हणून कारण सांगतो.

फाइलमधलं पान ए-फोर, पुस्तक बहुधा डेमी 1/8, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. शिवाय 'मंगल' या फाँटमध्ये 12 पॉइंट आकारात टाइप केलेला मजकूर 'कोकिला' फाँटमध्ये त्याच 12 मध्ये घेतला की अक्षर बारीक होतं, ओळी जवळ येतात आणि एकही शब्द न गाळता पानं घटतात. पानांवरून कागद आणि किंमत ठरवलेली असली, तर पहिलं प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, हातात पडल्यावर सगळा हिशोब नव्याने करावा लागतो. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, तुमचाही आणि आमचाही.

तेव्हा शब्दसंख्या सांगा. वर्डमध्ये खालच्या पट्टीवर दिसणाऱ्या शब्दांच्या आकड्यावर क्लिक करा. जी चौकट उघडेल तिच्यात तळटिपा आणि मजकूरचौकटी धरण्यासाठी खूण करायची सोय आहे, ती खूण करा. प्रबंधात नुसत्या तळटिपाच काही हजार शब्दांच्या भरतात. पूर्णविरामाआधी जागा सोडायची सवय असेल तर आधी ती जागा काढा, कारण "आहे ." हे दोन शब्द मोजले जातात. स्वल्पविरामानंतर जागाच नसेल तर उलट दोन शब्दांचा एक होतो.

अक्षरसंख्येवर मात्र विसंबू नका. 'विद्यार्थ्यांसाठी' हा शब्द वाचताना वि, द्या, र्थ्यां, सा, ठी अशी पाच अक्षरं होतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आज लिपी ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, वेलांटी, काना, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगळी धरली जातात आणि आकडा 17 येतो. ऑनलाइन अर्जातली "500 अक्षरे" ही मर्यादा बहुधा अशीच मोजलेली असते, म्हणून मजकूर अर्ध्यावर तुटतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाइलीत तर हा आकडा आणखी तिसराच येतो. पोथ्या लिहिणारे 32 अक्षरांचा एक 'ग्रंथ' हे माप धरून लांबी मोजत, पण त्यांचं अक्षर म्हणजे काना-मात्रेसकट एक उच्चार. ते माप आजही पटतं. संगणक तसं मोजत नाही, एवढंच.

हस्तलिखित असेल तर सुरुवातीचं, मधलं आणि शेवटाकडचं असं एकेक भरलेलं पान घ्या, शब्द मोजा, सरासरी काढा आणि एकूण पानांनी गुणा. फक्त पहिलं पान मोजू नका, तिथे हात नेहमी मोकळा चालतो.

आता पुस्तकाची पानं. आमच्या नेहमीच्या डेमी मांडणीत पानाला 30 ओळी आणि ओळीला सरासरी 9 शब्द, म्हणजे 270 शब्द बसतात. समजा मजकूर 42,000 शब्दांचा आहे, तर 156 पानं झाली. 12 प्रकरणं नव्या पानावर सुरू होणार, प्रत्येकी अर्धं पान रिकामं धरलं तर 6. शीर्षक, श्रेय, अर्पण, मनोगत, अनुक्रमणिका यांची 8. एकूण 170. छपाई 16 पानांच्या फॉर्मची, म्हणजे 16 पानं एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांची, त्यामुळे 11 फॉर्म, 176 पानं, त्यातली 6 कोरी. इथे लेखकाने 2,700 शब्द कमी केले तर 10 फॉर्ममध्ये, 160 पानांत, पुस्तक नेमकं बसतं आणि एका फॉर्मचा कागद व छपाई वाचते. हे जुळणीआधी कळलं तर संपादन निवांत होतं. प्रूफानंतर कळलं तर अनुक्रमणिकेपासून सगळे पानक्रमांक बदलतात.

आमचा जुळणीचा दर शब्दावर आहे तो यासाठीच. पानावर दर लावला की टाइप एका पॉइंटने वाढवल्यावर तुमचं बिल वाढतं, काम तेवढंच राहतं. कविता, तक्ते आणि समीकरणं यांना मात्र पानाचाच दर आहे. तिथे शब्द थोडे आणि बसवण्याचं काम फार.

फाइल वर्डमध्येच पाठवा, पीडीएफमधून मराठी मजकूर काढताना जोडाक्षरं तुटतात. शब्दसंख्या, प्रकरणं, छायाचित्रं आणि हवा तो आकार सोबत लिहा. तुमच्याच मजकुराचं एक पान दोन वेगवेगळ्या टाइपांत मांडून आम्ही विनाशुल्क दाखवतो. त्यावरून पानांचा आकडा ठरवू आणि मगच दर लेखी देऊ.