दिवसाला एक गोळी : अ‍ॅम्लोडिपिनची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातील सरकारी आरोग्य केंद्रात उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला सहसा जी पहिली गोळी मिळते, ती पाच मिलिग्रॅमची अ‍ॅम्लोडिपिन. घाटी चढताना छातीत भरून येते, त्या हृदयशूळावरही ती दिली जाते, आणि दोन्हींसाठी दिवसातून एकदाच घेतलेली पुरते.

हृदयशूळाचे नेमके वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी 1772 मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर नायट्रोग्लिसरीनचा उपाय विल्यम मरेल यांनी सुचवला तो 1879 मध्ये. तो मिनिटांत कळ थांबवी, पण दिवस सांभाळत नसे. रक्तदाबाच्या उपचारात मात्र आपल्या सह्याद्रीच्या रानातही उगवणाऱ्या सर्पगंधेने जगाचे लक्ष वेधले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळांचे रुग्णांवरील परिणाम 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. पुढे तिच्यातील रेसर्पिनमुळे काही रुग्णांना उदासीनता येते असे दिसले आणि नवी औषधे आल्यावर ती मागे पडली.

1960 च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी दाखवले की काही औषधे स्नायूंच्या पेशींत शिरणारे कॅल्शियम अडवतात. कॅल्शियम कमी शिरले की रक्तवाहिनीची भिंत सैलावते, दाब उतरतो आणि हृदयावरचा भारही हलका होतो. एकाच गोळीने दोन्ही दुखणी का सावरतात, याचे उत्तर येथे आहे. याच तत्त्वावरचे निफेडिपिन 1975 च्या सुमारास बाजारात आले. परंतु ते भराभर चढे आणि भराभर उतरे, त्यामुळे कॅप्सूल दिवसातून तीनदा घ्यावी लागे. शिवाय वाढलेला दाब तातडीने उतरवण्यासाठी ती फोडून जिभेखाली देण्याची पद्धत दवाखान्यांत रुळली. दाब असा एकाएकी कोसळला तर पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे 1990 च्या दशकाच्या मध्यास ठळकपणे पुढे आले. घाईचे औषध म्हणून मिरवलेली गोष्ट घाईमुळेच बाद व्हावी, हे विचित्रच.

इंग्लंडमधील सँडविच येथील फायझरच्या प्रयोगशाळेत याच कुळातील रेणूला अमिनो गट असलेली साखळी जोडली गेली आणि अ‍ॅम्लोडिपिन तयार झाले. ते सावकाश शोषले जाते, सहा ते बारा तासांनी रक्तात शिगेला पोहोचते आणि त्यातले निम्मे बाहेर पडायला तीस ते पन्नास तास लागतात. अमेरिकेत त्याला 1992 मध्ये मान्यता मिळाली. या संथपणाची दुसरी बाजू अशी की ऐन कळ आली असता ही गोळी उपयोगी पडत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली जिभेखालची गोळीच जवळ असावी लागते. पावलांना सूज येते, तीही बहुधा मूत्रपिंडाच्या बिघाडाने नव्हे, तर बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने. तरी ती डॉक्टरांना दाखवावी.

1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, केवळ प्रक्रियेवर पेटंट ठेवल्यामुळे भारतीय कंपन्यांना ही गोळी स्वस्तात बनवता आली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे मोजके जिल्हे निवडले गेले, त्यांत सिंधुदुर्ग होता. मुसळधार पावसात डोंगरावरच्या वाडीतून केंद्र गाठायचे किंवा चार-चार दिवस ट्रॉलरवर राहायचे, तर दिवसाला तीन कॅप्सूलांपेक्षा एक गोळी पाळणे सोपे. एखादा दिवस चुकला तरी दाब लगेच उसळत नाही. मात्र गोळी बंदच केली, तर तो आठवडाभरात हळूहळू पूर्ववत चढतो, आणि तसा चढताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही.