चॅनल बेटांवरील जर्मन ताबा आणि मुक्ती : संग्रहालयांतील स्मृतिजतन

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यालगत असलेली जर्सी, गर्न्सी, ऑल्डर्नी, सार्क, हर्म ही बेटे म्हणजे चॅनल बेटे. ती ब्रिटिश राजसत्तेच्या आधिपत्याखाली आहेत, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत. त्यांचे कायदे आणि कारभार स्वतःचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जून-जुलै १९४० पासून मे १९४५ पर्यंत ती जर्मन सैन्याच्या ताब्यात होती. या पाच वर्षांच्या वस्तू, कागद, भुयारे आणि आठवणी जपण्याचे काम तेथील संग्रहालये, अभिलेखागारे आणि स्थानिक इतिहासप्रेमी करतात. ही नोंद त्या जतनाविषयी आहे.

ताबा आणि सुटका

फ्रान्स कोसळल्यावर ब्रिटनने बेटे लष्करीदृष्ट्या सोडून दिली आणि ज्यांना जायचे असेल त्यांनी ताबडतोब नाव नोंदवावे, असे १९ जून १९४० रोजी जाहीर झाले. निर्णयाला एखाददुसरा दिवस मिळाला. गर्न्सीतून सुमारे १७,००० माणसे गेली. त्यांत शाळेच्या शाळा शिक्षकांसह बोटीत चढल्या. जर्सीतून ६,६०० च्या आसपास गेली. ऑल्डर्नी २३ जूनला जवळजवळ पूर्ण रिकामे झाले. सार्कची बहुतेक वस्ती मात्र जागेवर राहिली. २८ जूनला जर्मन विमानांनी सेंट पीटर पोर्ट आणि सेंट हेलियर या बंदरांवर बाँब टाकले. गर्न्सीच्या धक्क्यावर रांगेत उभे असलेले टोमॅटोचे ट्रक त्यांना लष्करी वाहने वाटले. दोन्ही बेटांवर मिळून चाळीसहून अधिक माणसे मेली. ३० जूनला गर्न्सी आणि १ जुलैला जर्सी जर्मनांच्या हाती गेले.

८ मे १९४५ रोजी चर्चिलच्या भाषणात बेटे मुक्त होणार असल्याचे ऐकू आले. ९ मेच्या सकाळी गर्न्सीजवळ ‘बुलडॉग’ या विनाशिकेवर जर्मन मेजर जनरल हाइने याने शरणपत्रावर सही केली. टेबल म्हणून रमचे पिंप वापरले होते. जर्सीसाठी ‘बीगल’ ही विनाशिका गेली. सार्क १० मेला आणि ऑल्डर्नी १६ मेला मुक्त झाले.

कुठे काय आहे

जर्सीतील सेंट लॉरेन्स पॅरिशमधले (पॅरिश म्हणजे बेटाचा स्थानिक प्रशासकीय विभाग) भुयारी संकुल (जर्मन नाव ‘होलगांग्सअनलागे ८’) हे सर्वांत भेदक ठिकाण. १९४१ च्या अखेरीस खोदाई सुरू झाली. बॅरेकी आणि दुरुस्तीच्या कामासाठी योजलेली ही जागा १९४४ मध्ये दोस्तांचा हल्ला होईल या अपेक्षेने जखमींच्या रुग्णालयात बदलली. काँक्रीटचे अस्तर लागलेले बोगदे आणि त्यांच्या पलीकडचा अर्धवट राहिलेला भाग पाहणाऱ्याने सलग पाहावा. अर्धवट भागात लाकडी टेकू आणि कोसळलेला दगड तसाच आहे, आणि हा खडक किती ठिसूळ होता हे तिथे एका नजरेत कळते. खोदणारे मजूर त्याच दगडाखाली सापडत.

गर्न्सीत फॉरेस्ट पॅरिशमधले जर्मन ताब्याचे संग्रहालय १९६६ मध्ये एका खासगी संग्राहकाने उभे केले. सेंट अँड्र्यू पॅरिशमध्ये तिथलेही भुयारी रुग्णालय आहे, आणि ला व्हॅलेत येथील लष्करी संग्रहालय पाणबुड्यांच्या इंधनासाठी खोदलेल्या बोगद्यांत आहे. ऑल्डर्नीचे छोटे संग्रहालय सेंट अ‍ॅनमधल्या जुन्या शाळेत आहे. जर्सीच्या सागरी संग्रहालयातला ‘ऑक्युपेशन टॅपेस्ट्री’ हा भरतकामाचा पटसमूह १९९५ मध्ये, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, लोकांपुढे आला. बारा पॅरिशांनी प्रत्येकी एक असे बारा पट भरले. २०१५ मध्ये तेरावा जोडला गेला. तोफांबाबत मात्र पाहणाऱ्याची बऱ्याचदा निराशा होते. युद्धानंतर मोठ्या तोफा कड्यावरून समुद्रात ढकलल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या. जर्सीतल्या ले लाँद येथे आज दिसणाऱ्या काही नळ्या अनेक दशकांनी कड्याखालून वर ओढून आणलेल्या आहेत.

घरातल्या वस्तू

तोफांपेक्षा हाती घडवलेल्या किरकोळ वस्तू या काळाबद्दल जास्त खरे सांगतात, असे या संग्रहांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांचे ठाम मत असते.

सायकलचा टायर घ्या. रबर संपल्यावर बागेतला पाण्याचा पाइप चाकाच्या घेराएवढा कापून रिमवर चढवत आणि दोन्ही टोके तारेने आवळत. जोड कधीच सपाट बसत नसे, त्यामुळे दर फेऱ्याला एक धक्का बसे. संग्रहालयात ठेवलेल्या अशा टायरवर तार रुतल्याची खूण दिसते. पाइप कडक होऊन तडकला असेल तर तो पुन्हा गोल करायचा प्रयत्न करू नये, मोडतो.

बटाट्याचे पीठ हीसुद्धा रोजची गोष्ट होती. बटाटे किसायचे, भरपूर पाण्यात खळबळायचे, फडक्यातून गाळायचे, पाणी तासभर स्थिर ठेवायचे, वरचे पाणी ओतून तळाचा पांढरा थर वाळवायचा. आपल्याकडे कुरडईसाठी गव्हाचा चीक काढतात तीच ही रीत. पाणी दोन-तीनदा बदलले नाही तर पीठ करडे पडते आणि वास येतो. साखरेसाठी शुगर बीट किसून उकळायचे, पिळायचे आणि रस घट्ट होईपर्यंत आटवायचा. यात खरी अडचण इंधनाची होती, कारण आटवायला तासनतास लागत आणि जळणच नव्हते. चहासाठी काटेरी ब्लॅकबेरीची पाने वाळवत, कॉफीसाठी पार्सनिप हे कंद किंवा ओकची फळे भाजत, मिठासाठी समुद्राचे पाणी वापरत.

रेडिओ जून १९४२ मध्ये कायमचे जप्त झाले. त्यानंतर लोक खडा-रेडिओवर बीबीसी ऐकू लागले. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवायची बारीक तार, लांब एरियल, जमिनीत किंवा नळाला जोडलेली तार आणि एक इअरफोन, एवढ्यात संच तयार होई. बॅटरी लागत नसे, म्हणून तो लपवता येई. इअरफोन मिळवण्यासाठी सार्वजनिक टेलिफोनचे कानाचे भाग गायब होऊ लागले. खड्यावर बारीक तार योग्य ठिकाणी बसली नाही तर काहीच ऐकू येत नाही आणि जरा धक्का लागला की जागा सुटते. देणगीत येणाऱ्या संचांत युद्धानंतर हौसेने बनवलेले बरेच असतात. खड्याच्या जागी जर्मेनियमचा डायोड असेल तर तो संच ताब्याच्या काळातला नाही. डायोड बाजारात नंतर आले.

या बातम्या पसरवणे हा गुन्हा होता. गर्न्सीत बातमीपत्र काढणारे चार्ल्स मेकन आणि जर्सीचे धर्मोपदेशक क्लिफर्ड कोहू हे दोघे जर्मन कैदेत मेले.

टपाल तिकिटांकडे भिंगातून पाहावे. १९४१ मधल्या जर्सीच्या एक पेनी तिकिटाच्या चार कोपऱ्यांत चार अगदी बारीक ‘ए’ आहेत. रायबॉट या चित्रकाराने या चार आद्याक्षरांत चार शब्दांचे एक लॅटिन वाक्य दडवले होते, ‘क्रूर अडॉल्फा, नरकात जा’ अशा अर्थाचे. जर्मन परवानगीने छापलेले हे तिकीट रोज पत्रांवर लागत होते. एडमंड ब्लांपिए यांच्या १९४३ च्या तीन पेनी तिकिटात राजा जॉर्जची आद्याक्षरे नक्षीत मिसळलेली आहेत. दालनात तिकीट भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावले आणि भिंग ठेवले नाही, तर पाहणारा हे सगळे ओलांडून पुढे जातो.

कागद आणि नाव

जर्सीत प्रत्येक प्रौढाला नोंदणी करून छायाचित्राचे ओळखपत्र बाळगावे लागे. तीस हजारांहून अधिक नोंदणीपत्रे जर्सी अभिलेखागारात आहेत. घरचे माणूस शोधत आलेल्याला पहिल्यांदा तीच दाखवली जातात, कारण त्यावर चेहरा असतो आणि नाव, जन्मतारीख, पत्ता असतो. रेडक्रॉसचे संदेश त्याहून जास्त मन हलवतात. बेटावरून इंग्लंडला गेलेल्या मुलाबाळांशी बोलण्याची तीच वाट, आणि मजकुराला २५ शब्दांची मर्यादा. संदेश जिनिव्हामार्गे जात आणि उत्तर यायला महिने लागत. कुणाचे बाळंतपण, कुणाचा मृत्यू, बाकी सगळे ठीक, इतकेच त्यात मावे.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर फ्रान्सकडून येणारा पुरवठा तुटला. रेडक्रॉसचे ‘व्हेगा’ हे जहाज डिसेंबरच्या अखेरीस, आधी गर्न्सीला आणि मग जर्सीला, एक लाखाहून अधिक पार्सले घेऊन पोहोचले. एका पार्सलचे वजन साधारण ५ किलो. त्यात दूधपावडर, लोणी, बिस्किटे, डबाबंद मांस आणि मासे, चॉकलेट. फेब्रुवारी १९४५ मध्ये बेटांवर पीठही संपले आणि पुढच्या फेरीत ते येईपर्यंत आठवडे पावाशिवाय गेले. पार्सलांचे डबे लोकांनी टाकले नाहीत. पेला, दिवा, चूल अशा कामांना ते लावले.

हे डबे संग्रहात आले की पहिला प्रश्न आत अन्न शिल्लक आहे का, हा. अन्न आत राहिले तर धातू आतून गंजतो आणि डबा फुगून फुटतो. म्हणून तो तळाकडून छिद्र पाडून रिकामा करतात, धुऊन वाळवतात आणि छिद्र दिसणार नाही अशा बाजूने ठेवतात. गॅसमास्कच्या गाळणीत अस्बेस्टॉस असू शकते. तो तोंडाला लावून पाहायला कधीच द्यायचा नाही, पिशवीत बंद करून ठेवायचा. चमकणाऱ्या अंकांच्या यंत्रांवर रेडियमचा रंग असतो, तेव्हा काच फुटलेली उपकरणे उघडी ठेवत नाहीत. कुणाच्या माळ्यावरून आलेली गोळी किंवा बाँबचा भाग ‘निकामी आहे’ या देणाऱ्याच्या शब्दावर घेत नाहीत, आधी तज्ज्ञाकडून तपासून घेतात.

भुयारी दालनांची अडचण वेगळीच. उन्हाळ्यात बाहेरची उबदार दमट हवा आत आली की थंड भिंतीवर पाणी सुटते. मग लोखंड गंजते, कागद लिबलिबीत होतो, कापडाला बुरशी धरते. समुद्राच्या हवेतले मीठ त्यात भर घालते. शहाणे संग्रहालय भुयारात फक्त धातू, दगड आणि कागदाच्या प्रती ठेवते. मूळ कागद बाहेरच्या नियंत्रित खोलीत राहतात. कापड आणि शाई यांच्यावर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आत ठेवतात.

जे उशिरा आठवले

युद्धानंतर कितीतरी वर्षे या बेटांची स्मृती ध्वज, बँड आणि ब्रिटिश सैनिकांचे स्वागत यांचीच होती. ते खरे होते, पण पूर्ण नव्हते.

हिटलरने ऑक्टोबर १९४१ मध्ये बेटांची तटबंदी करायचा हुकूम दिला, आणि ऑर्गनायझेशन टोट या जर्मन बांधकाम संघटनेने हजारो मजूर आणले. त्यांत रशियन, युक्रेनी, पोलिश, स्पॅनिश, फ्रेंच माणसे होती आणि बऱ्याच जणांची अवस्था गुलामाची होती. रिकाम्या ऑल्डर्नीवर छावण्या झाल्या. त्यांतली ‘सिल्ट’ ही मार्च १९४३ पासून एसएस या नाझी निमलष्करी दलाकडे होती. ऑल्डर्नीवर एकूण किती मेले यावर अनेक वर्षे वाद झाला. २०२४ मध्ये ब्रिटनचे होलोकॉस्टविषयक दूत लॉर्ड पिकल्स यांच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीने ६४१ ते १,०२७ हा संभाव्य आकडा दिला. त्याहून मोठे आकडे लोकप्रिय लिखाणात अजून येतात. संग्रहालयांनी फलकावर तपासणीचा आकडा आणि तो कसा काढला ते लिहावे.

गर्न्सीतून एप्रिल १९४२ मध्ये तेरेझा श्टाइनर, आउगुस्टे श्पिट्झ आणि मारियाने ग्रुनफेल्ड या तीन ज्यू स्त्रियांना फ्रान्सला पाठवण्यात आले. त्यांचा अंत आउशविट्झमध्ये झाला. ज्यूंच्या नोंदणीचा आदेश बेटाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी राबवला होता. या गोष्टीला अवघड म्हणून वगळणे हाच सर्वांत मोठा दोष ठरतो. सप्टेंबर १९४२ आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये मिळून बेटांवर न जन्मलेल्या इंग्रजांसह सुमारे २,२०० जणांना जर्मनीतील बिबेराख, बाड वुर्त्साख, लाउफेन येथे बंदिस्त केले गेले.

जर्सीच्या लुइझा गुल्ड यांनी पळून आलेल्या रशियन कैद्याला घरात लपवले. कुणीतरी निनावी पत्र लिहून ते कळवले. त्या रावेन्सब्रुक छावणीत मेल्या. जर्सीतले असे वीस जण नाझी तुरुंगांत आणि छावण्यांत मेले. त्यांचे स्मारक सेंट हेलियरच्या धक्क्यावरील जुन्या दीपगृहाच्या मनोऱ्यावर १९९६ मध्ये झाले. रशियन कैद्यांना मदत करणाऱ्या वीस जणांना सोव्हिएत संघाने १९६६ मध्येच सोन्याची घड्याळे भेट दिली होती. म्हणजे आपल्या माणसांचा मान बाहेरच्याने आधी केला.

मराठी वाचकाला अंदमान आठवेल. तेथे जपानी ताबा २३ मार्च १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत होता. पण सेल्युलर जेल हे राष्ट्रीय स्मारक असल्याने सावरकरांसह कैद्यांचा स्वातंत्र्यलढाच पुढे येतो, आणि ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज येथे गोळ्या घातलेल्या ४४ जणांपर्यंत फार थोडे प्रवासी पोहोचतात.

दिवस आणि सावली

जर्सी आणि गर्न्सी ९ मे हा सार्वजनिक सुटीचा मुक्तिदिन पाळतात, सार्क १० मे. जर्सीत पॉम दोर हॉटेलच्या सज्जात ध्वज चढवण्याचा प्रसंग पुन्हा करून दाखवतात आणि वेस्टमाउंट येथे गुलाम मजुरांच्या स्मारकापाशीही लोक जमतात.

गर्न्सीच्या मुक्तिस्मारकाचा स्तंभ १९९५ मध्ये सेंट पीटर पोर्टच्या धक्क्याजवळ उभा झाला. एरिक स्नेल यांनी रचलेल्या या ग्रॅनाइटच्या स्तंभाला पन्नास थर आहेत आणि वरचे पाच थर तिरपे छाटले आहेत, पाच वर्षांसाठी. ९ मेला त्याची सावली समोरच्या वक्र दगडी बाकांवरून सरकते आणि १९४५ च्या त्या दिवसातल्या घटनांच्या कोरलेल्या वेळांवर येते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही सूर्य त्याच उंचीने जातो, म्हणून सावलीचे टोक तोच मार्ग घेते. घड्याळाच्या वेळा मात्र काही मिनिटांनी हलतात.

ऑल्डर्नीत मुक्तीच्या दिवशी आनंदाने बाहेर पडायला बेटावर रहिवासी जवळजवळ नव्हतेच. लोक परतले ते १५ डिसेंबर १९४५ पासून. तेव्हा घरे उघडी, दारे-खिडक्या जळणासाठी उपटलेल्या, जमिनीत सुरुंग. म्हणून तिथे १५ डिसेंबरला ‘घरी परतण्याचा दिवस’ पाळतात. छावण्यांतल्या मजुरांचे स्मारक, ज्यावर त्यांच्या अनेक भाषांतल्या पाट्या आहेत, तिथल्याच एका कुटुंबाने साठच्या दशकात उभारले.