थाप नको, खाजवा

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिथली घोडी ओळखीची असते. संध्याकाळी पोरांना पाठीवर बसवून फेऱ्या मारायच्या, आणि सकाळी ऊन वर यायच्या आत मालकाकडून खरारा करून घ्यायचा, असा तिचा दिवस. परवा मी जवळ गेले आणि आपण सगळे करतो तेच केलं. कौतुकानं तिच्या मानेवर दोन-चार थापा मारल्या.

"ताई, असं बडवू नका ओ तिला," खरारा थांबवून मालक म्हणाले. "हितं खाजवा. मानंच्या बुडाला."

आयाळ जिथं संपते आणि खोगीर जिथून सुरू होतं, तिथं घोड्याच्या पाठीवर एक उंचवटा असतो. मी त्याच्या जरा पुढं बोटं रोवून खाजवायला लागले. सुरुवातीला काही झालं नाही. मग तिची मान हळूहळू पुढं आणि खाली आली, पापण्या अर्ध्यावर उतरल्या. वरचा ओठ लांब झाला आणि हवेत काहीतरी चाचपल्यासारखा थरथरू लागला. मी जोर वाढवला तशी ती अंगानं माझ्याकडं झुकली, मान वळवली आणि शेजारी उभ्या मालकांच्या खांद्यावर ओठ घासू लागली. "आता ती मला खाजवतीया," ते म्हणाले.

त्यांच्या या एका वाक्यात पुष्कळ विज्ञान आहे.

घोडा कोल्हापूरला नवा नाही. जोतिबा घोड्यावर बसलेला, कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर. दसऱ्याच्या सोहळ्यात घोडे असतात आणि आसपासच्या गावांत घोडागाडीच्या शर्यतींना आजही माणूस लोटतो. ज्यांच्या दारात घोडं आहे, ते पोटच्या पोरासारखं त्याचं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मालकाचा घोड्यावर जीव असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला पडलेला प्रश्न घोड्याच्या बाजूचा आहे. आपण जी माया करतो ती त्याला माया म्हणून पोचते का? की तो बिचारा नुसता सोसतो?

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी घोडे एकमेकांवर माया कशी करतात ते बघावं लागतं. त्यासाठी लांब जायला नको. दिवाळीनंतर कुणाच्या रानात बकरी बसायला आली की धनगरांच्या तळावर जा. बिऱ्हाड वाहणारी घोडी तिथं मोकळी चरत असतात. थोडा वेळ थांबलात तर दोन घोडी एकमेकांजवळ येऊन उलट्या दिशेला तोंड करून उभी राहतात. दोघींची तोंडं एकमेकींच्या मानेच्या मुळाशी. मग पुढच्या दातांनी कुरतडल्यासारखं एकमेकींना खाजवणं सुरू होतं. एकीनं जोर लावला की दुसरीही लावते. एकीनं जागा बदलली की दुसरीही बदलते. पाच मिनिटांनी काही न घडल्यासारखं दोघी पुन्हा चरायला लागतात.

हे कुणाशीही चालत नाही. कळपात प्रत्येक घोड्याच्या एक-दोन ठरलेल्या जोड्या असतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. माशांच्या दिवसांत हेच जोडीदार शेपटीनं एकमेकांच्या तोंडावरच्या माशा उडवत उभे असतात. मैत्री हा शब्द मी इथं बिनधास्त वापरते. जनावरांच्या वर्तनाचे अभ्यासकही आता तो वापरतात.

दक्षिण फ्रान्सच्या कामार्ग भागात पांढऱ्या घोड्यांचे कळप मोकळे राहतात. क्लॉडिया फे आणि झान द माझिएर या दोन संशोधिकांनी तिथल्या घोड्यांवर १९९३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घोडे एकमेकांना जिथं खाजवतात, त्याच जागी, म्हणजे मानेच्या मुळाशी, त्यांनी हातानं खाजवलं आणि हृदयाचे ठोके मोजले. मग जिथं घोडे एकमेकांना फारसं खाजवत नाहीत अशा जागीही तसंच केलं. पहिल्या जागी ठोके स्पष्टपणे कमी झाले, मोठ्या घोड्यांचे आणि शिंगरांचेही. दुसऱ्या जागी तसा फरक पडला नाही. शांत उभ्या घोड्याचं हृदय मुळातच मिनिटाला साधारण तीस ते चाळीस ठोके घेतं. तेही आणखी खाली आलं. घोडं त्या वेळी खरोखरच निवांत होतं, याचा हा पुरावा. आणि खाजवणारा हात माणसाचा होता.

या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे जागा. हात तोच, माणूस तोच, पण चार बोटं इकडं-तिकडं झाली की परिणाम बदलतो. रंकाळ्यावरच्या मालकांनी 'मानंच्या बुडाला' म्हणून अचूक तीच जागा सांगितली होती.

मग थापेचं काय? घोडा घोड्याला थाप मारत नाही. त्याच्या जगात ओठ आहेत, दात आहेत, नाक घासणं आहे, मानेवर मान टाकणं आहे, पण आपटणाऱ्या तळहाताला तिथं काही अर्थ नाही. त्यात त्याची कातडी कमालीची हळवी. अंगावर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून तो ती उडवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माशीचं वजन ज्याला कळतं, त्याला आपली शाब्बासकीची सणसणीत थाप कशी लागत असेल? खोगिरावर बसून थाप मारणं आणि खाजवणं यांची तुलनाही अभ्यासकांनी केली आहे, आणि कौल खाजवण्याच्या बाजूनं पडला. शर्यत जिंकलेल्या घोड्याच्या मानेवर धडाधड थापा पडताना दिसल्या की आता मला अवघडल्यासारखं होतं. थाप मारणाऱ्याचं प्रेम खरं असतं. ते घोड्याला कळेल अशा रीतीनं पोचत नाही, एवढंच.

खराऱ्याचंही असंच आहे. फ्रान्समध्ये लिया लांसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दोन तऱ्हांच्या खराऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. काही घोड्यांना नेहमीसारखा ठरलेल्या पद्धतीचा खरारा केला, त्यांना आवडो न आवडो. काहींचा करताना मात्र त्यांच्याकडं बघत, जिथं आवडतंय तिथं रेंगाळत आणि जिथं ते अंग चोरतात ती जागा सोडून देत केला. दुसऱ्या गटातल्या घोड्यांचे चेहरे वेगळे दिसले. मान मध्यम उंचीवर, डोळे अर्धे मिटलेले, वरचा ओठ पुढं आलेला. पहिल्या गटात मान ताठ वर, डोळे टक्क उघडे, ओठांचे कोपरे मागं ओढलेले. जुने मोतद्दार हे चेहरे वाचत आलेच असणार. पण वाचता येणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं, आणि मोजून दाखवल्याशिवाय 'घोडं लाडात आलंय' हा माणसाचा भास नाही, हे ठरत नाही.

इथवर वाचून घोडंवाले खूश होतील. पुढचं जरा कडू आहे.

खाजवणं घोड्याला आवडतं, पण बक्षीस म्हणून ते खाण्याची बरोबरी करत नाही. फ्रान्समधल्याच कॅरोल सँके यांच्या गटानं २०१० साली हे तपासलं. हुकूम दिल्यावर जागेवर थांबायचं, एवढंच शिकवायचं होतं. काही घोड्यांना बरोबर केल्यावर खाऊ मिळाला, काहींना मानेच्या मुळाशी खाजवणं. खाऊवाले भराभर शिकले आणि माणसाच्या जवळही जास्त यायला लागले. खाजवणंवाले मागं पडले. याच गटाच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की खाऊ देऊन शिकवलेल्या घोड्यांच्या मनातली माणसाबद्दलची चांगली भावना कित्येक महिन्यांनीही टिकून होती, आणि नव्या माणसाच्या वाट्यालाही ती आली. घोड्याच्या प्रेमाची वाट पोटातून जाते असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. आपलंही काही वेगळं नसतं. आईच्या हातच्या भाकरीत माया असतेच की.

दुसरी कडू गोष्ट मालकीची. माझं घोडं फक्त मला ओळखतं, माझ्याशिवाय राहत नाही, असं सांगणारे खूप भेटतात. स्वीडनमधल्या एका अभ्यासात २०२० साली हेच तपासलं गेलं. माणूस घोड्याजवळ थांबायचा, मग निघून जायचा, थोड्या वेळानं परत यायचा. एकदा मालक, एकदा अनोळखी माणूस. माणूस गेल्यावर घोडे अस्वस्थ झाले आणि परत आल्यावर जवळ गेले. पण मालक आणि परका यांच्यात त्यांनी म्हणण्यासारखा फरक केला नाही. नव्या ठिकाणी एकटं पडलेल्या घोड्याला कुणीतरी शांत माणूस सोबतीला हवा होता, तो कोण हे तितकं महत्त्वाचं ठरलं नाही.

यावरून घोडं माणूस ओळखत नाही असं मात्र समजू नका. लांसाद यांच्याच गटानं घोड्यांना पडद्यावर माणसांचे फोटो दाखवले. रोज सांभाळणाऱ्यांचे चेहरे त्यांनी अनोळखी चेहऱ्यांतून वेगळे काढलेच, पण सहा महिने न भेटलेल्या जुन्या मोतद्दाराचा नुसता फोटोसुद्धा ओळखला. म्हणजे ओळख पक्की आहे, आठवणही पक्की आहे. कुत्र्यासारखी एकाच धन्यावर सगळी निष्ठा ठेवण्याची रीत मात्र घोड्याची दिसत नाही. मूळचं ते कळपातलं जनावर. त्याला सुरक्षित वाटलं पाहिजे, ही त्याची पहिली गरज.

आणि सुरक्षित वाटतंय की नाही, हे ते आपल्या अंगावरून वाचतं. ब्रिटनमध्ये २०१८ साली घोड्यांना सकाळी एका माणसाचा फोटो दाखवला, कधी हसरा तर कधी रागावलेला. काही तासांनी तोच माणूस निर्विकार चेहऱ्यानं समोर आला. कोणता फोटो दाखवला होता हे त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. ज्यांनी रागीट फोटो पाहिला होता ते घोडे त्याच्याकडं जास्त करून डाव्या डोळ्यानं बघत राहिले. धोक्याच्या गोष्टी घोडा बहुधा डाव्या डोळ्यानं पारखतो, कारण त्या डोळ्याची माहिती मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाकडं जाते.

स्वीडनच्या लिंडा कीलिंग यांचा २००९ सालचा प्रयोग तर मला कुणालाही सांगावासा वाटतो. माणसांनी घोड्याला लगाम धरून ठरलेल्या वाटेवरून नेलं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की या वेळी वाटेत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण ती उघडणार या धास्तीनं माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीची बातमी कुणी दिली नव्हती. ती त्याला हातातून, चालण्यातून, श्वासातून कळली असणार.

आता लग्नसराईतली वरात आठवा. नवरदेवाचं घोडं सजवलेलं, पुढं डॉल्बी, कानठळ्या बसवणारा आवाज, डोळ्यांत घुसणारे दिवे. कौतुकानं जो तो येऊन त्याला थोपटतो, पोरं तोंडावर हात फिरवतात. घोड्याला आपल्यापेक्षा जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवून तो धोका कुठून येतोय हे शोधत असतो. त्या गोंगाटात कुणाचीही माया त्याच्यापर्यंत पोचणार नाही. घरच्या लग्नात निदान घोड्याला स्पीकरपासून लांब ठेवायचा आग्रह आपण धरू शकतो. गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या लग्नात मी तो धरला, थोडी वादावादी झाली, पण घोडं मागं घेतलं गेलं.

मायेला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती दारात एकटं घोडं बांधणाऱ्यांनी मनावर घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. मालकानं दिवसातून दोनदा खरारा केला, चंदी वेळेवर दिली, तरी उरलेला सगळा वेळ ते एकटं असतं. माणसाचा हात दुसऱ्या घोड्याची जागा भरून काढत नाही. शेजाऱ्याचं घोडं नजरेच्या टप्प्यात असणं, रोज थोडा वेळ दोघांना एकत्र सोडणं, एवढ्यानंही खूप फरक पडतो.

घोड्याजवळ जाताना कपाळाकडं थेट हात नेऊ नये. त्याचे डोळे बाजूंना असल्यानं कपाळाच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही, तिथं हात अचानक उगवल्यासारखा वाटतो. मागून तर जाऊच नये. खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जावं, हाताची पालथी बाजू पुढं धरावी, त्याला वास घेऊ द्यावा. मग मानेच्या मुळाशी खाजवावं आणि थोड्या वेळानं हात काढून घ्यावा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. हात काढल्यावर घोडं काय करतं, त्यातच त्याचं उत्तर असतं. ते झुकून पुन्हा जवळ आलं तर हवंय. कान मागं पाडले, शेपटी झटकली, तोंड फिरवलं, तर आजच्यापुरतं बास.

रंकाळ्यावर त्या दिवशी मीही हात काढून घेतला. घोडीनं डोळे उघडले, एकदा फुरफुरली, अंग झाडलं. मग पाठ फिरवून मालकांनी टाकलेल्या ओल्या गवताकडं गेली. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि उरलेल्या बाजूचा खरारा तसाच ठेवून ब्रश पिशवीत घातला. "खाऊ दे," ते म्हणाले.