इनोडीबी बफर पूलवरील देखरेख

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचे इनोडीबी हे साठवण-इंजिन टेबल आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) यांची पेजेस, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे, मेमरीत जिथे ठेवते, तो भाग म्हणजे बफर पूल. एक पेज साधारणतः १६ केबीचे असते. पूलचा डिफॉल्ट आकार जेमतेम १२८ एमबी. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या सर्व्हरवर तो रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत नेतात.

रोजच्या पाहणीत दोन काउंटर महत्त्वाचे. ‘रीड रिक्वेस्ट्स’ म्हणजे पूलकडे आलेल्या एकूण मागण्या आणि ‘रीड्स’ म्हणजे त्यांपैकी ज्यांसाठी डिस्क गाठावी लागली त्या. दोन्ही आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासून साचत जातात. त्यामुळे त्यांचे थेट गुणोत्तर काढले, तर काल रात्रीचा गोंधळ महिन्यांच्या बेरजेत दिसेनासा होतो. दर मिनिटाला नोंद घेऊन वजाबाकीच करावी लागते. डिस्क न गाठता भागलेल्या मागण्यांचे प्रमाण म्हणजे हिट रेशो; नुसत्या ‘९९ टक्के हिट रेशो’वरही विसंबू नये. सेकंदाला ५०,००० मागण्या असतील, तर उरलेला एक टक्का म्हणजे ५०० डिस्क-रीड्स. एसएसडीला ते किरकोळ, पण फिरत्या हार्ड डिस्कला झेपत नाहीत.

‘वेट फ्री’ हा काउंटर सहसा शून्यावर असावा. तो वाढू लागला, की रिकामे पेज मिळत नाही, आधी डर्टी पेजेस (मेमरीत बदललेली, पण डिस्कवर अजून न लिहिलेली) डिस्कवर उतरवावी लागत आहेत, असे समजावे. पूल अपुरा असतो किंवा डिस्कचे लेखन रेंगाळत असते.

रात्रीच्या बॅकअपच्या वेळी रीड्स उसळतात, त्याने घाबरण्याचे कारण नाही. पूल पेजेसची यादी वापरानुसार लावतो आणि जागा हवी असेल तेव्हा शेवटची पेजेस काढतो. नवे पेज या यादीच्या अगदी वर न जाता शेवटच्या सुमारे तीन-अष्टमांश भागाच्या तोंडाशी शिरते, त्यामुळे नेहमीची पेजेस सहसा बाहेर ढकलली जात नाहीत. रीस्टार्टनंतरही पूल गरम व्हायला, म्हणजे नेहमीच्या पेजेसनी पुन्हा भरायला, वेळ लागतो; तेव्हाही रीड्स वाढतात.

खरी फसगत स्वॅपमुळे होते, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवते तेव्हा. पूलचा काही भाग स्वॅपमध्ये गेला तरी मायएसक्यूएलच्या लेखी तो मेमरीतच असतो. हिट रेशो उत्तम आणि क्वेरी मात्र रखडलेल्या. म्हणून लिनक्सच्या व्हीएमस्टॅट या कमांडमधले ‘एसआय’ (स्वॅपमधून आत आलेले) आणि ‘एसओ’ (स्वॅपमध्ये गेलेले) हे रकाने सोबतच पाहावेत. पूलच्या व्यवस्थापनालाच ठरवलेल्या आकाराच्या वर सुमारे १० टक्के जागा लागते. प्रत्येक कनेक्शनचे सॉर्ट आणि जॉइन बफर वेगळेच. ८० टक्क्यांचा हिशेब इथेच चुकतो आणि रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारी यंत्रणा) बहुधा मायएसक्यूएललाच मारतो, कारण सर्वाधिक मेमरी त्याच्याकडे असते. ५.७ आवृत्तीपासून पूल चालू सर्व्हरवरच लहान करता येतो, पण ते काम गर्दीच्या वेळी करू नये.