वादळोत्तर आरोग्य-सर्वेक्षण

चक्रीवादळ, अतिवृष्टी किंवा महापुरानंतर बाधित लोकसंख्येतील मृत्यू, इजा, साथीचे आजार व आरोग्यसेवेतील खंड यांची पद्धतशीर नोंद. घरोघरची पाहणी, दवाखाने व निवारा केंद्रांतील रुग्णनोंदी आणि मृत्युनोंदणी हे तिचे मुख्य आधार होत.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९६० च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्रा प्रांतातील युद्धकाळच्या उपासमारीत झालेल्या पोषण-पाहण्यांकडे बोट दाखवतात; काही १९७३ मध्ये बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठात स्थापन झालेल्या आपत्ती-साथरोग संशोधन केंद्राला श्रेय देतात. मात्र पहिले उदाहरण युद्धजन्य टंचाईचे आहे आणि दुसरे संस्थात्मक. वादळापुरता विचार केल्यास पूर्व बंगालमधील (आताचा बांगलादेश) पाहणी अधिक ग्राह्य वाटते. १२–१३ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील ॲल्फ्रेड सोमर व वायली मोझली यांनी बाधित किनारपट्टीची आधी झटपट आणि काही महिन्यांनी नमुना पद्धतीने विस्तृत अशी दोनदा पाहणी केली. मृतांचा त्यांचा किमान अंदाज २,२४,००० होता. एरवी ३ ते ५ लाख असे आकडे दिले जातात. लहान मुले व वृद्धांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक, तर धडधाकट प्रौढ पुरुषांत सर्वांत कमी आढळले. लाटेत झाडांना कवटाळून वाचलेल्यांच्या दंडांवर, छातीवर व मांड्यांवर खरचटल्याच्या खोल जखमा होत्या. त्यांचीही स्वतंत्र नोंद झाली.

पुढे लसीकरण-पाहणीतील गुच्छ-नमुना पद्धत (आधी काही वस्त्या आणि मग प्रत्येकीतील काही घरे निवडण्याची रीत) आपत्तीसाठी बदलून घेण्यात आली. अमेरिकेत १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर ती वापरली गेली. सध्या तेथे साधारणतः ३० गुच्छ व प्रत्येकी ७ घरे, म्हणजे २१० मुलाखतींचा आराखडा रूढ आहे. पद्धत स्वस्त व जलद असली, तरी लोक स्थलांतरित झाल्यास दराचा छेदच (ज्या लोकसंख्येने भागायचे ती संख्या) अनिश्चित होतो. शिवाय बंद पडलेल्या दवाखान्याकडून अहवाल न येणे आणि रुग्णच नसणे या भिन्न गोष्टी असल्याने ‘शून्य रुग्ण’ हेही आवर्जून कळवावे लागते.

मृत्युगणनेचा वाद प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर विशेष गाजला. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ धडकल्यानंतर अधिकृत मृत्युसंख्या बराच काळ ६४ होती. हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांची पाहणी करून वर्षअखेरपर्यंत ४,६४५ अतिरिक्त मृत्यूंचा (एरवी अपेक्षित असतात त्यांहून अधिक झालेल्या मृत्यूंचा) अंदाज दिला. त्याची ९५ टक्के विश्वसनीयता मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता मानली जाते ती कक्षा, ७९३ ते ८,४९८ इतकी रुंद होती. वृत्तपत्रांनी मधलाच आकडा उचलला. पाहणीत वादळानंतरचे म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्याने वा खंडित झाल्याने घडल्याचे कुटुंबीयांनी सांगितले. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने मृत्युनोंदी व बेट सोडून गेलेली लोकसंख्या जमेस धरून फेब्रुवारी २०१८ पर्यंत २,९७५ अतिरिक्त मृत्यू मानले. ऑगस्ट २०१८ मध्ये प्वेर्तो रिकोच्या शासनाने हा आकडा स्वीकारला. मर्यादा अरुंद असल्याने तोच बहुधा अधिक विसंबण्याजोगा. उलट, अमेरिकेतील कतरिना वादळाच्या (२००५) मृतांचा १,८३३ हा रूढ आकडा २०२३ मध्ये घटवून १,३९२ करण्यात आला.

महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर (सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी) मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारणतः ५ ते १४ दिवस, क्वचित महिनाही लागतो. त्यामुळे पाणी ओसरल्यावरही तापाच्या रुग्णांची नोंद काही आठवडे चालू ठेवावी लागते. देशपातळीवर २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम या नोंदी एकत्र करतो.